तिओफिलो स्टीव्हन्सन : हौशी मुष्टियुद्धाचा अढळ तारा

आज ओळख करून घेऊ या क्यूबाचे महान मुष्टियोद्धे तिओफिलो स्टीव्हन्सन यांची.

पूर्व क्यूबातल्या प्वेर्तो पाद्रे इथं २९ मार्च १९५२ रोजी त्यांचा जन्म झाला. उंच, सडपातळ शरीरयष्टी, डाव्या हाताचे नेमके जॅब आणि त्यामागून येणारा उजव्या हाताचा जबरदस्त ठोसा, ही त्यांची ताकद. १९७१च्या पॅन अमेरिकन स्पर्धेत अमेरिकेच्या डुएन बॉबिक यांनी त्यांना हरवलं होतं. पुढच्याच वर्षी म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दोघं पुन्हा समोरासमोर आले. तिसऱ्या फेरीत स्टीव्हन्सन यांनी बॉबिक यांना वारंवार खाली पाडलं आणि पंचांना लढत थांबवावी लागली. तिथं सुवर्णपदक मिळालं. मग १९७६ला माँट्रियल आणि १९८०ला मॉस्को इथंही हेवीवेट गटाचं सुवर्ण त्यांचंच!

व्यावसायिक होऊन मुहम्मद अली यांच्याशी लढावं, यासाठी अमेरिकेतून लाखो डॉलर्सचे प्रस्ताव आले. क्यूबात व्यावसायिक खेळांवर बंदी होती. त्यामुळे हे प्रस्ताव स्वीकारायचे तर देश सोडावा लागला असता. स्टीव्हन्सन यांनी स्पष्ट नकार दिला. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकवर क्यूबानं बहिष्कार टाकला आणि चौथ्या सुवर्णाची संधी हुकली. तरीही १९८६मध्ये ते तिसऱ्यांदा जागतिक हौशी विजेते ठरले.

११ जून २०१२ रोजी, वयाच्या ६०व्या वर्षी हृदयविकारानं त्यांचं निधन झालं. पैशापेक्षा आपल्या माणसांचं प्रेम मोठं मानणारा हा खेळाडू मुष्टियुद्धाच्या इतिहासात कायम आदरानं स्मरला जाईल.