नाना पाटील बीडचे खासदार झाले, पुढं काय?

(डोंगरपट्ट्यातल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतलं भाषण)



मागच्या बैठकीत काही जण म्हणाले, एखादा मोठा पुढारी धरू, तो जमीन नावावर करून देईल. म्हणून आज आम्ही क्रांतिसिंह नाना पाटलांविषयी बोलणार आहोत. 1967 साली आपल्या बीडनं लाल बावट्याचा हा माणूस दिल्लीला पाठवला. आपल्या पोरांना हे ठाऊकच नाही.

नाना साताऱ्याकडचे, येडेमच्छिंद्रचे. आधी तलाठी होते बरं का! 1930 च्या सत्याग्रहात नोकरी सोडली. 1942 नंतर इंग्रजांनी डोक्यावर बक्षीस लावलं, तरी सापडले नाहीत. गावोगाव लोकांनी त्यांना झाकलं. त्यांच्या प्रतिसरकारात भांडणतंटा गावच बसून मिटवायचं, सावकाराला आणि दरोडेखोराला वचक होता, लग्नं थोडक्या खर्चात लागायची.

स्वातंत्र्यानंतर नाना शेतकरी कामगार पक्षात, मग कम्युनिस्ट पक्षात गेले. 1957 ला साताऱ्याचे खासदार झाले. 1962 ला ती जागा काँग्रेसच्या किसन वीरांकडे गेली. किसन वीर काही परके नव्हते, भूमिगत लढ्यातलेच. इथं नीट बघा. नानांचे कितीतरी सोबती यशवंतराव चव्हाणांच्या मागं काँग्रेसमध्ये गेले. जिल्हा परिषद, सोसायटी, साखर कारखाना, सगळं तिकडं. कर्ज पायजे तर सोसायटी, आणि सोसायटीत जायला सातबारा पायजे. ज्याच्याकडं सातबारा तो तिकडं सरकला. बिनजमिनीचा नानांच्या सभेत बसून राहिला.

पोलंड देशात गोमुल्का नावाचा कम्युनिस्ट पुढारी होता. तुरुंग भोगून आलेला. 1956 ला लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. शेतकऱ्यावर लादलेली सामुदायिक शेती त्यानं सोडून दिली, जमिनी शेतकऱ्याकडं राहिल्या. 1970 च्या डिसेंबरात त्याच्याच सरकारनं खाण्याच्या जिनसांचे भाव वाढवले, संपावरच्या कामगारांवर गोळ्या चालल्या, अन् त्याच महिन्यात त्याची खुर्ची गेली. नानांचं तसं नाही. नानांनी गरिबाला दगा दिला नाही, असं आमचं मत आहे. त्यांच्या पायाखालची माणसं हळूहळू निघून गेली.

1971 ला बीडची जागा काँग्रेसकडं गेली. 6 डिसेंबर 1976 ला नाना वारले. 1977 ला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले, 1980 ला जागा परत काँग्रेसकडं. बावटा दोनदा चढला, दोनदा उतरला. आपण कसतो ते रान मात्र अजून सरकारच्याच नावावर, आणि फॉरेस्टवाला दंडाला येतोच.

तर अर्ज पुढाऱ्याच्या नावानं द्यायचा नाही. वस्तीनं बसून कोण, कुठं, किती सालापासून कसतो याची यादी करायची. बाईचंही नाव घालायचं. दंडाच्या पावत्या चुलीत घालू नका. आपण कसतो हे सांगणारा सरकारी शिक्क्याचा कागद आपल्याकडं तेवढाच आहे. पुढच्या बैठकीला त्या पिशवीत घालून आणा, सालवार लावून घेऊ.