हवेचा रोजमेळ

घरचा जमाखर्च ज्यांनीं लिहिला आहे त्यांना ठाऊक असतें कीं, एका दिवसाची नोंद विशेष कांहीं सांगत नाहीं. पण वर्षानुवर्षांच्या वह्या समोर ठेविल्या म्हणजे संसार कोणीकडे चालला आहे तें कळतें. हवेचाहि असा एक रोजमेळ पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटावर १९५८ सालापासून ठेविला जात आहे. आज त्याचीच हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

त्या बेटावर मौना लोआ नांवाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्याच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ३४०० मीटर उंचीवर, १९५६ सालीं वेधशाळा स्थापन झाली. तेथें आसपास वस्ती नाहीं, झाडी नाहीं; जिकडे तिकडे लाव्हाचा काळा खडक. रात्रीं उंचावरची स्वच्छ हवा उतारावरून खालीं वाहते. हजारों मैल समुद्र ओलांडून आलेली ही हवा एखाद्या शहराची नव्हे, तर साऱ्या उत्तर गोलार्धाची साक्ष देते. ज्वालामुखीच्या स्वतःच्या वायूची झुळूक आली तर आंकडे एकाएकीं उसळतात. ते ओळखून वगळले जातात.

मार्च १९५८ मध्यें चार्ल्स डेव्हिड कीलिंग या रसायनशास्त्रज्ञांच्या यंत्रानें येथें मापन सुरू केलें. कोरड्या हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बाम्लवायूचे, म्हणजे कार्बन डायॉक्साइडचे, सुमारें ३१३ भाग भरले. लवकरच एक नियम दिसून आला. आंकडा मे महिन्यांत सर्वांत वर चढे व सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतरे. कारण उत्तरेकडील अरण्यें व शेतें उन्हाळ्यांत हा वायु शोषून घेतात आणि पालापाचोळा कुजला कीं तो हवेंत परततो. जणूं पृथ्वीचा श्वासोच्छ्वासच कागदावर उमटला! परंतु दर वर्षाचा आंकडा मागील वर्षाहून चढा निघूं लागला. ही वाढ मुख्यतः आपण जाळलेल्या दगडी कोळशाची व खनिज तेलाची होती. मे २०२५ मध्यें महिन्याची सरासरी ४३० च्या पुढें गेली.

हा रोजमेळ सुखासुखीं चाललेला नाहीं. १९६४ सालीं पैशांच्या टंचाईमुळें तो कांहीं महिने बंद पडला. हें तर नित्याचें काम, यांत संशोधन तें कोणतें, असा आक्षेपहि कीलिंग यांना ऐकावा लागला. २००५ सालीं ते वारले. त्यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनीं काम पुढें चालविलें. नोव्हेंबर २०२२ मध्यें ज्वालामुखी जागा झाला. लाव्हानें रस्ता व विजेच्या तारा तोडल्या. तेव्हां शेजारच्या मौना केआ पर्वतावर यंत्रें मांडून मापन चालू ठेविलें गेलें.

एवढा आटापिटा कशासाठीं? शाळामास्तराला याचें उत्तर चटकन् सुचतें. हजेरीपटांतील रिकामें घर मागाहून अंदाजानें भरलें, तर ती हजेरी राहत नाहीं. हवेचें तसेंच आहे. काल वाहून गेलेली हवा आज मोजतां येत नाहीं. ढाल इतका मंद कीं, एकदोन वर्षांच्या नोंदींत ती ऋतूच्या चढउतारांत लपून गेली असती. दीर्घ नोंदीमुळेंच ती निर्विवाद ठरली. म्हणून अशा नीरस वाटणाऱ्या कामाचा खर्च तोडतांना राज्यकर्त्यांनीं दहादां विचार करावा. या वहीचें जें पान कोरें राहील, तें पुढील पिढ्यांना कोणत्याहि किंमतीस विकत घेतां येणार नाहीं.