बाळाची झोप आणि घराचे वळण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



तान्ह्या बाळाला घरच्या घरी झोपेची सवय कशी लावावी, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. विषय जाहीर होताच काही जणी हसल्या, ते मी पाहिले. बाळाला झोप का शिकवावी लागते, असे त्यांना वाटले असेल. पण ज्या घरात पाच-सहा महिन्यांचे लेकरू आहे, त्या घरची सून येथे असती तर ती हसली नसती. ती आलेली नाही. मूल निजले म्हणून तीही घटकाभर आडवी झाली असेल.

प्रथम माझाच अपराध सांगते. माझ्या थोरल्याच्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते. मूल रात्र-रात्र रडे. दिवसा कामाचा रगाडा, आणि रात्री घरातल्यांची झोपमोड नको म्हणून मी त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारी. गुटीत जायफळाचा एकच वेढा द्यायचा, असे मला बजावलेले होते. एका रात्री सहाणेवर मी किती वेढे उगाळले, ते मला आजही सांगता येणार नाही. मूल निजले. पहाटे माझी छाती दुधाने भरून आली, तरी ते उठेना. तळपाय चोळले, तोंडावरून ओला हात फिरविला, पण डोळे उघडेना. तत्काळ दवाखाना गाठायला हवा होता; पण सासूबाई रागावतील या भीतीने मी त्याला मांडीवर घेऊन गप्प बसून राहिले. उन्हे वर आल्यावर ते हलले आणि रडले. ज्या रडण्याला मी कंटाळले होते, तेच ऐकून मी देवाला हात जोडले.

अशी चूक करणारी मी एकटीच नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन निजवीत. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या मजूरविषयक शाही आयोगाच्या अहवालातही तान्ह्यांना अफू देण्याच्या या चालीची दखल घेतली आहे. त्या बाया काही निर्दय नव्हत्या. त्यांच्यामागे मूल पाहणारे कोणी नव्हते, एवढेच. म्हणून सांगते, अफू तर नकोच. पण जास्तीचे जायफळ नको, आणि गुंगी येते म्हणून सर्दी-खोकल्याचे औषधही नको. गुंगी म्हणजे झोप नव्हे.

आता मूल रात्री उठते का, ते पाहू. नवजात बालक दिवसाकाठी साधारण १४ ते १७ तास झोपते. पण ती झोप तुकड्या-तुकड्यांची असते. त्याचे पोट इवलेसे, म्हणून दर दोन-तीन तासांनी त्याला दूध लागते. दिवस कोणता आणि रात्र कोणती, हेही त्याला ठाऊक नसते. ती समज दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून येऊ लागते. तेव्हा पहिल्या तीन-चार महिन्यांत सवय लावण्याचा हट्ट धरू नये. मागेल तेव्हा पाजावे. चार ते सहा महिन्यांचे झाले, वजन नीट वाढते आहे असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे वळण लावण्यास हरकत नाही. तेव्हाही भुकेने उठले तर पाजायचेच.

हे वळण कसे लावावे, याचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. तुळजापूरच्या आईची मंचकी निद्रा आपणा सर्वांना माहीत आहे. शारदीय नवरात्रापूर्वीची घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा. तिथी ठरलेली, पलंग ठरलेला, विधींचा क्रमही ठरलेला. जगदंबेच्या निद्रेसाठी सारे देऊळ आपले रोजचे वेळापत्रक बदलते. मग आपल्या घरातल्या बाळकृष्णासाठी आपण संध्याकाळचा टीव्ही तासभर बंद ठेवू नये काय?

गेल्या वर्षी सूनबाई माहेराहून बाळाला घेऊन आल्या. नातू पाच महिन्यांचा झाला तरी रात्री चार-पाच वेळा उठे. एकदा बसल्या-बसल्या पाजताना सूनबाईंचा डोळा लागला, आणि मूल मांडीवरून घसरता-घसरता मी धरले. त्या रात्री मला माझी सहाण आठवली. दुसऱ्या दिवशी आम्ही सर्वांनी बसून ठरविले. दिवसा बाळ उजेडात, माणसांत राहील. सायंकाळी सातनंतर दिवे मंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. कोमट पाण्याने अंग पुसणे, दूध, एक अंगाई, आणि मग अंथरूण. रोज हाच क्रम, हीच वेळ. मूल खांद्यावर पूर्ण निजेपर्यंत हिंडवायचे नाही. डोळे जड झाले की जागेपणीच खाली ठेवायचे आणि थोपटायचे. म्हणजे मध्यरात्री जाग आली तरी ते जेथे निजले तेथेच आपण आहोत, हे पाहून पुन्हा निजते.

अमेरिकेतील डॉ. रिचर्ड फर्बर यांनी १९८५ साली पुस्तक लिहून अशी रीत सांगितली, की मूल रडले तर थोडे थांबून जवळ जावे, आणि दर वेळी हे थांबणे थोडे वाढवावे. आमच्याने मिनिटे मोजणे झाले नाही. भिंतीला भिंत लागून घरे, तिसऱ्या रात्री शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारले, "अहो, लेकराला का रडविता?" सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मी काकूंना आत बोलावून सारे समजावले. आम्ही त्याला एकटे सोडले नाही. जवळ बसून हात ठेवला, उचलले मात्र नाही. दहा-बारा दिवसांत तो रात्रीतून एकदाच उठू लागला. दात येताना घडी पुन्हा मोडली, पुन्हा बसविली.

जपण्याच्या चार गोष्टीही सांगते. मूल उताणे निजवावे. अंथरूण सपाट व घट्ट असावे. डोक्याला आकार यावा म्हणून आपण मोहरीची उशी देतो. ती नको, आणि तोंडावर येईल असे पांघरूणही नको. निजविताना गळ्यातला काळा दोरा काढावा. वर्षभर तरी मूल आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणावर असावे.

शेवटी एकच सांगते. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण कीर्तनात ऐकली आहे. बायको मूल त्यांच्या भरवशावर ठेवून पाण्याला गेली, काका नामात दंग झाले आणि मूल चिखलात तुडविले गेले. कीर्तनकार त्यातून भक्ती सांगतात, ते योग्यच आहे. मला मात्र प्रत्येक वेळी ती पाण्याला गेलेली बाई दिसते. तिने मूल कोणाच्या हाती द्यावे? आजही आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी बाई फडाच्या कडेला झोळी बांधते, आणि कोयता चालविताना तिचा एक कान झोळीकडे असतो.

म्हणून माझी विनंती सासवांना आहे, आणि घरी गेल्यावर पुरुषमंडळींनाही सांगावी. रात्रीची एक पाळी तुम्ही घ्या. आमच्याकडे पहाटेची पाळी माझ्या मुलाची आहे. ज्याला उठविण्यासाठी मी एकदा जीव मुठीत धरून बसले होते, तोच आता आपल्या बाळाला थोपटून निजवितो. बाळाला झोपेचे वळण लावायचे, तर आधी घराला वळण लागले पाहिजे. आणि ते लागले, की आईलाही झोप मिळते.