घंटागाडी, इफ्तार आणि न बोलावलेल्या बायका
(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा लिखित मजकूर)

 

मला विषय दिला आहे 'लहान शहर आणि पर्यावरण'. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पर्यावरणाचा अभ्यासक नाही. त्यामुळे मोठं काही सांगण्याऐवजी चिपळूणच्या एका मोहल्ल्यात आम्ही काय केलं, त्यातलं काय फसलं आणि का फसलं, एवढंच सांगणार आहे.

22 जुलै 2021 चा महापूर तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. मी तेव्हा वर्क फ्रॉम होम म्हणून चिपळूणलाच होतो. पहाटे पाणी गल्लीत आलं आणि उजाडेपर्यंत आमचा तळमजला गेला. अम्मी-अब्बांना घेऊन मी वरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. चिपळूण हे वाशिष्ठी आणि शिव या दोन नद्यांच्या कुशीतलं गाव. वर सह्याद्री, खाली दाभोळची खाडी. प्रचंड पाऊस, खाडीची भरती आणि गाळाने भरलेली नदीपात्रं या सगळ्यांची त्या दिवशी गाठ पडली. 2005 सालीही शहर असंच बुडालं होतं. तेव्हा कुणी असं समजू नका की महापूर आमच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांमुळे आला. त्याची कारणं पिशवीपेक्षा फार मोठी आहेत.

पण पाणी ओसरल्यावर आमच्या खिडकीच्या गजांना जे अडकलेलं होतं, ते मी विसरलेलो नाही. पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, लग्नातले प्लॅस्टिकचे ग्लास. गटारात, नाल्यात आपण जे टाकलं होतं, ते पाण्याने उचलून घरपोच परत केलं होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस माणुसकीचे होते. चिखल उपसायला पोरं कुठून कुठून आली. मोहल्ल्यातून जेवणाचे टोप गेले, आमच्याकडेही आले. कुणी कुणाचं नाव, जात विचारली नाही. आपल्या समाजाला याचा अभिमान वाटतो आणि तो वाटावाही. पण मला पुढचं पाहायचं होतं. पूर गेल्यावर आपण काय करतो?

शहराने एक गोष्ट चांगली केली. डिसेंबर 2021 मध्ये चिपळूण बचाव समितीने नद्यांतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं. व्यापारी, डॉक्टर, वकील, निरनिराळ्या पक्षांची आणि धर्मांची माणसं पाळीपाळीने बसली. सरकारला हलावं लागलं आणि 2022 च्या सुरुवातीला गाळ उपसायला यंत्रं नदीत उतरली. मीही एक दिवस जाऊन बसलो. आमच्या मोहल्ल्यातले पुष्कळ पुरुष आले होते. आमच्या घरातल्या बायका मात्र नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

तिथून परतताना आम्ही पाच-सहा मित्रांनी ठरवलं, नदी सरकार उपसेल, पण आपली गटारं आणि आपला कचरा आपण बघू. मी इंजिनिअर. मी काय करणार? मी फॉर्म बनवला. तुंबलेल्या गटाराचा फोटो टाका, नकाशावर लाल ठिपका येईल. चार महिन्यांत अकरा ठिपके आले. त्यातले सात माझेच होते.

मग आम्ही जमातीकडे गेलो. जुम्म्याच्या नमाजनंतर बैठक झाली. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. वर्गणी काढून प्रत्येक घराला दोन बादल्या, एक हिरवी, एक निळी. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. महिन्याने मी घरोघरी फिरलो. हिरव्या बादलीत कुठे तांदूळ होता, कुठे धुवायचे कपडे. निळी बहुतेक ठिकाणी न्हाणीघरात गेली होती. आमच्या घरातसुद्धा.

मी वैतागून अम्मीला म्हटलं, "अम्मी, निदान तू तरी!"

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बैठकीत मला कुणी विचारलं होतं?"

मग तिने मला ऐकवलं. घंटागाडी सकाळी येते तेव्हा पोरांना शाळेत सोडायची वेळ असते. गाडी गल्लीत शिरत नाही, कोपऱ्यावर थांबते. दोन बादल्या घेऊन तिथवर धावायचं कुणी? आणि आपल्या घरात ओला कचरा म्हणजे काय, ठाऊक आहे का? कोलंबीची सालं, मासळीचे खवले. गाडी चुकली तर पावसाळ्यात ते दुसऱ्या दिवसापर्यंत घरात ठेवून दाखव.

त्या बैठकीला आम्ही साठेक पुरुष होतो. यातली एक गोष्टही कुणाच्या तोंडून निघाली नव्हती, कारण आमच्यापैकी जवळपास कुणीच कचरा टाकत नाही. जे काम ज्यांच्या हातात, त्यांना सोडून आम्ही ठराव केला होता. सॉफ्टवेअरमध्ये वापरणाऱ्याला न विचारता वस्तू बनवली तर ती पडून राहते, हे मी ऑफिसात रोज सांगतो. घरी मात्र विसरलो.

मी जमातीला विनंती केली की पुढच्या बैठकीला बायकांनाही बोलवूया. पडद्याचं, बसण्याचं जे काही हवं ते करू. एक बुजुर्ग मला लहानपणापासून ओळखतात. ते रागावले नाहीत, शांतपणे म्हणाले, "बेटा, आज कचऱ्यासाठी बोलावशील. उद्या हिशेब मागायला येतील." मी म्हटलं, "चाचा, मग त्यात वाईट काय?" त्यांनी उत्तर दिलं नाही. हॉल मिळाला नाही.

शेवटी एका खालांच्या पडवीत बैठक झाली. बावीस जणी आल्या. आम्ही दोघे मुलगे फक्त लिहून घ्यायला. दीड तासात तीन गोष्टी ठरल्या. ज्यांच्या परसात माड आहे, त्यांच्या माडाच्या आळ्यात शेजारच्या इमारतीतल्या घरांचा मासळीचा कचरा पुरायचा, कारण माडाला ते खत आपल्या आज्या घालतच आल्या आहेत. सुका कचरा आठवड्यातून एकदाच, शनिवारी, एका ओट्यावर जमवायचा. आणि घंटागाडीची वेळ बदलण्यासाठी अर्ज करायचा, त्याखाली सह्या बायकांच्या.

अर्जासाठी तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला पाच जणी स्वतः गेल्या. गाडी अर्धा तास उशिरा येऊ लागली. एवढंच. पण आमच्या गल्लीतली एक खाला मला म्हणाली, "इतकी वर्षं मी इथे राहते, पण माझ्या सांगण्यावरून या शहरात काहीतरी बदललं, असं पहिल्यांदा झालं."

मग 2023 चा रमजान आला. आमच्या मशिदीत रोजच्या इफ्तारला साधारण 120 माणसं. मी हिशेब मांडला. प्रत्येकी एक ताटली, एक वाटी, एक ग्लास म्हणजे रोजच्या 360 वस्तू आणि तीस दिवसांच्या 10,800. महाराष्ट्रात थर्माकोलच्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर मार्च 2018 पासून बंदी आहे. म्हणजे दिवसभर हलालचाही घास न घेता आपण संध्याकाळी रोजा सोडत होतो तो बंदी असलेल्या ताटलीत. शिवाय तेव्हा लागू असलेल्या 2016 च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की परवाना नसलेल्या जागी शंभरापेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम असेल, तर कामाचे तीन दिवस आधी नगरपालिकेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायची जबाबदारी आयोजकाची. दावत असो, उरूस असो, शिमगा असो, वाढदिवस असो, नियम सगळ्यांना एकच. इसराफबद्दल, म्हणजे उधळपट्टीबद्दल आपला दीन काय सांगतो, हे इथे कुणाला सांगायला नको.

मी ठरवलं, स्टीलची ताटं आणू. पडवीतल्या बैठकीत सांगितलं. मला वाटलं कौतुक होईल. एका बाईंनी विचारलं, "आणि ही 120 ताटं घासणार कोण? पर्यावरण वाचवायचं म्हणजे आमच्या मोरीत आणखी भांडी, असंच ना?"

साथींनो, हा प्रश्न मी तुमच्यापुढे मुद्दाम ठेवतो. प्लॅस्टिक बंद, कापडी पिशवी शिवा, ओला कचरा कुजवा, ताटं घासा. टिकाऊ जगण्याच्या नावाखाली जितकं काम वाढतं, ते न विचारता कुणाच्या अंगावर पडतं? ते जर आधीच राबणाऱ्या बाईच्या अंगावर ढकलायचं असेल, तर मग तो फक्त ओझ्याचा खांदेपालट झाला.

तेव्हा नियम झाला की जो जेवेल तो आपलं ताट घासेल. वजूखान्याबाहेर दोन पिंपं, एकात राख आणि साबण, दुसऱ्यात विसळायचं पाणी. विसळलेलं पाणी आवारातल्या केळींना. पहिले तीन दिवस गंमत झाली. काही भाईंनी आयुष्यात प्रथमच ताट घासलं होतं, ते पाहूनच कळत होतं. बैठकीला हॉल नाकारणारे चाचाही रांगेत उभे राहिले. एका पोराने त्यांचं ताट घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे, माझं मी घासतो." त्या महिन्यात मशिदीमागचं गटार तुंबलं नाही.

ती ताटं नंतर फिरू लागली. शेजारच्या वाडीतल्या मंडळाने गणपतीत महाप्रसादासाठी नेली, घासूनपुसून परत आणली, आणि दोन ताटं कमी भरली म्हणून दोन नवी आणून ठेवली. एकोप्यावर आम्ही एकही भाषण केलं नव्हतं.

आता जे जमलं नाही तेही सांगतो. लग्नाच्या दावती अजून आमच्या हाताबाहेर आहेत. तिथे ताटली हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. शनिवारचा ओटा पावसात दोनदा बंद पडला. आणि जमातीच्या हॉलमध्ये बायकांची बैठक आजही झालेली नाही. पडवीच चालू आहे.

हे मला का खुपतं ते सांगून थांबतो. आसपासच्या खेड्यांत ग्रामसभा असते, कायद्याने असते. तिथे बाई उभी राहून विचारू शकते की नळ का आला नाही. शहरात काय? घटनेच्या 243 एस कलमाने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. चिपळूणची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 55 हजार. म्हणजे लहान शहरातला माणूस ना खेड्यात, ना महानगरात. त्याने गल्लीचा प्रश्न मांडायचा कुठे? मग मशिदीची जमात, गणेश मंडळ, सोसायटी, भिशी हीच आपली सभा होऊन बसते. त्या सभेत जर अर्धी माणसं बसूच शकत नसतील, तर ती सभा अर्ध्या शहराला मुकते. वेंगुर्ल्यासारख्या लहान शहराने कचरा डेपोच्या जागी बाग फुलवून दाखवली, ती घराघरांत कचरा वेगळा झाला म्हणूनच. आणि घरात तो वेगळा करणारे हात कुणाचे असतात, ते आता मी पुन्हा सांगत नाही.

चिपळूणला लागूनच मिरजोळी आहे, हमीद दलवाईंचं गाव. एप्रिल 1966 मध्ये मुंबईत त्यांनी सात मुस्लिम बायकांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. सातच होत्या, म्हणून तेव्हा लोक हसले असतील. आमच्या पडवीत बावीस होत्या, आणि त्यांचं मागणं घंटागाडीच्या वेळेचं होतं. मला या दोन गोष्टींत नातं दिसतं. आपल्याला न विचारता आपल्याबद्दल ठरवू नका, एवढंच दोन्हीकडे म्हणणं होतं.

घरी गेल्यावर एक करा. तुमच्या मोहल्ल्यात पुढची बैठक कचऱ्याची असो, पाण्याची असो, इफ्तारची असो, आधी विचारा की हे काम प्रत्यक्ष करतं कोण, आणि ती माणसं खोलीत आहेत का. नसतील तर बैठक पुढे ढकला. आणि आज दुपारचं जेवण झाल्यावर आपापलं ताट आपणच घासू या. पिंप बाहेर ठेवलं आहे.