सागराने शिकविलेले अवधान



साहस म्हणजे जिवावर उदार होणे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या सागरप्रवासाकडे पाहिले, की हा समज किती अपुरा आहे ते कळते. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून २०१२-१३ मध्ये, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

२०१८ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जायबंदी झाला. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालावयास शिकावे लागले. तरीही २०२२ मध्ये ते त्याच शर्यतीत उतरले आणि २३६ दिवसांनंतर, एप्रिल २०२३ मध्ये, दुसरे आले.

या शर्यतीत दिशाशोधनासाठी उपग्रहाचे साहाय्य वर्ज्य असते. सेक्स्टंटने सूर्याची उंची मोजावयाची, घड्याळ पाहावयाचे आणि कागदावर गणित मांडावयाचे. वेळ टिपताना चार सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्तावर नौकेचे स्थान एका सागरी मैलाने चुकते. तेथे मन कालच्या वादळात किंवा उद्याच्या किनाऱ्यावर रेंगाळून चालत नाही. हातातील क्षणाशी असे एकरूप होणे, यालाच अवधान म्हणतात.

महासागर सर्वांच्याच वाट्याला येत नाही. नित्याचे काम मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येते. त्या चार सेकंदांची जाण तेथेही ठेवता आली, तर या सागरयात्रेचे मोल आपल्याला खऱ्या अर्थाने उमगले, असे म्हणता येईल.