हाली, कलदार आणि गुणपत्रिका

भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूच्या वृद्ध मंडळींना हाली आणि कलदार हे शब्द अद्याप ठाऊक असतील. निजामी राज्याचा रुपया तो हाली आणि इंग्रजी अमलाचा तो कलदार. रुपया दोहोंनाही म्हणत. मोल मात्र एक नव्हते. १९५० साली भारतीय रुपया हैदराबाद राज्यात चालू झाला, तेव्हा सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा दर सरकारने ठरवून दिला. ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवावा असा तो दर नव्हता. आज त्याच मुलखातील पदवीधरांपुढे गुणांचा असाच विनिमय येऊन ठेपला आहे. परंतु येथे मात्र दर पुष्कळदा मनानेच ठरविला जातो.

त्या राज्यात विद्यापीठ एकच होते, १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूर राज्यात. पुढे औरंगाबादेस १९५८ मध्ये, गुलबर्ग्यास १९८० मध्ये, नांदेडास १९९४ मध्ये आणि सोलापुरास २००४ मध्ये विद्यापीठे निघाली. भालकीचा मुलगा उदगिरास शिकतो, आळंदची मुलगी सोलापुरास जाते, आणि नोकरीसाठी अर्ज मात्र कलबुर्गी किंवा बंगळूरला करावा लागतो. नातीगोती सीमा ओलांडतात, तशी गुणपत्रिकाही ओलांडते.

पूर्वी तिच्यावर गुण असत व त्यांचे शेकडा प्रमाण काढणे सोपे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक पद्धतीसाठी दहा बिंदूंची श्रेणी सुचविल्यापासून, म्हणजे २०१४-१५ च्या सुमारापासून, सर्वत्र सरासरी श्रेणीबिंदू, म्हणजेच सीजीपीए, रूढ झाला. अर्जात मात्र रकाना टक्क्यांचाच राहिला.

समजा, एखाद्याची सरासरी ६.२ आहे. तिला दहाने गुणले, तर ६२ टक्के होतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने पूर्वी दहावीसाठी दिलेल्या रीतीप्रमाणे ९.५ ने गुणले, तर ५८.९. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के आणि ६.७५ म्हणजे ६० टक्के. अर्थात सरासरीतून ०.७५ वजा करून दहाने गुणावयाचे. त्या हिशेबाने उत्तर येते ५४.५. मुलगा तोच, उत्तरपत्रिका त्याच. परंतु एका रीतीने तो प्रथम वर्गात बसतो आणि दुसरीने पंचावन्नाच्याही खाली जातो.

असे का व्हावे? एखाद्या विद्यापीठात ६० ते ६९ गुणांना ७ बिंदू मिळतात असे धरू. तेथे ७ ला दहाने गुणून ७० टक्के लिहिणे म्हणजे त्या मुलाने कधीच न मिळविलेले गुण त्याच्या पदरी घालणे होय. दुसऱ्या ठिकाणी त्याच गुणांना ६ बिंदू असतील, तर दहाने गुणल्याने ६९ वाल्याचेही ६० होतात आणि त्याची हानी होते. तात्पर्य, सूत्र हे त्या त्या विद्यापीठाच्या कोष्टकाशी बांधलेले असते. एकाचे सूत्र दुसऱ्याच्या गुणपत्रिकेस लावणे हे चुकीचेच. परदेशी तर आकड्यांची दिशाच उलटते. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ४ हा उत्तीर्णतेचा काठ.

नोकरी देणारेही याविषयी काटेकोर असतात. बँकभरती करणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या जाहिरातींत ५९.९९ हे ६० पेक्षा कमीच धरले जाईल असा नियम आढळतो. शिवाय विद्यापीठाच्या रीतीने टक्के काढल्याचे प्रमाणपत्र मुलाखतीच्या वेळी मागितले जाते. अर्जात ६२ लिहिलेला उमेदवार तेथे ५४.५ चा कागद घेऊन उभा राहिला, तर लेखी परीक्षेतील त्याचे सारे यश वाया जाते. त्याने लबाडी केलेली नसते. शेजाऱ्याचे सूत्र वापरलेले असते, इतकेच.

यास्तव अर्ज भरण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. गुणपत्रिकेची मागची बाजू वाचावी. सूत्र बहुधा तेथेच असते. ते नसल्यास पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून टक्केवारीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, आणि तेही जाहिरात निघण्याची वाट न पाहता. मूळ गुणपत्रिकेत प्रत्येक विषयाचे गुण छापलेले असतील, तर तीही जपून ठेवावी.

महाविद्यालयांनीही थोडे करावे. आपल्या विद्यापीठाचे सूत्र मराठीत व कन्नडात लिहून सूचनाफलकावर लावावयास खर्च तो कितीसा? परंतु त्या एका कागदाने कोणा शेतमजुराच्या मुलाची एक खेप, एका दिवसाची मजुरी आणि कदाचित एक नोकरी वाचेल.