वाड्यावरचे एक वर्ष

(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरसाल शिक्षण, नोकऱ्या, वसतिगृहे आणि आरक्षण या विषयांवर अधिकारी पुरुषांची भाषणे होतात, आणि ती व्हावयासच हवीत. चालकांनी आम्हांस पाचारण केले ते निवृत्त शिक्षक या नात्याने. तेव्हा आम्हीही शिक्षणावरच बोलू, अशी त्यांची अपेक्षा असणार. परंतु आमच्यापाशी आज उपदेश नाही. २०२२ च्या दिवाळीपासून २०२३ च्या दिवाळीपर्यंतचे एक वर्ष आम्ही सपत्नीक आमच्या धाकट्या बंधूंच्या वाड्यावर काढले. त्याची हकिगत तेवढी आहे, आणि ती सांगण्याची अनुज्ञा असावी.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण पुण्या-मुंबईकडे गेले त्यांच्यासाठी एक खुलासा करतो. आपल्या लोकांत वाडा म्हणजे चिरेबंदी इमारत नव्हे. चार-पाच बिऱ्हाडे, त्यांची मेंढरे, घोडी, कुत्री आणि कोंबड्या मिळून जो संसार वर्षाचे सात-आठ महिने चालत असतो, तो वाडा. आमचे गाव लोणी भापकर. बारामती म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस उभा राहतो; पण आमचा भाग तालुक्याच्या पश्चिमेचा, जिरायती. मल्लिकार्जुनाची पुष्करणी आणि तिच्याजवळचा कोरीव वराह पाहावयास लांबून माणसे येतात. गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, मेंढरांना चरण्यासारखे मात्र दिवाळीनंतर काही उरत नाही. म्हणून वाडे कोकणात उतरतात.

आम्ही जाण्याचे कारण असे घडले. बंधूंच्या उजव्या बरगडीखाली दोन वर्षे दुखत होते. त्यांचा मुलगा औद्योगिक वसाहतीत कामाला, आणि ठेवलेला मेंढका ऐन वेळी निघून गेलेला. भावजय आमच्याशी समोरासमोर बोलत नाही. ती रीत अद्याप आमच्या घरी आहे. ती आमच्या कुटुंबाला म्हणाली, "आक्का, औंदा ह्यांच्यासंगं कुणीतरी मोठं माणूस पायजे. मेंढरं मी बघंन, पर ह्यांच्याकडं बघाया मला दोनच डोळं हायेत."

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. बंधू चौथीतून शाळा सोडून मेंढरांमागे गेले, म्हणून आम्ही मॅट्रिक झालो. वडिलांनी दोघांपैकी एकास निवडले, आणि तो आम्ही निघालो. सारी नोकरी आम्ही वर्गात श्रमाची प्रतिष्ठा शिकविली. परंतु आमच्या फीचे पैसे कोणाच्या पायांनी मिळविले, हे एकाही वर्गास सांगितले नाही. भावजयीचा निरोप आला तेव्हा आमच्या पत्नीने आमच्याकडे नुसते पाहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही घोंगडी काढली.

मोरगाव, जेजुरी, वीर आणि नीरेच्या खोऱ्याने भोर, तेथून वरंधा घाट उतरून महाडचा मुलूख, असा आमचा मार्ग होता. जेजुरीस भंडारा वाहिला, वीरास म्हस्कोबाचे दर्शन घेतले. चालत्या संसाराची शिस्त आम्ही लहानपणी पाहिली होती, पण तिचे मोल त्या वेळी कळले नव्हते. पहाटे स्त्रिया पाले उतरवितात, भांडी, धान्य, अंथरुणे घोड्यांवर लादतात, वर कोंबड्या बांधतात, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि चालता न येणारी लेकरे यांची सोय करतात आणि थेट पुढच्या तळावर जातात. पुरुष मेंढरे चारीत मागून सावकाश येतात. म्हणजे सायंकाळी गडी तळावर पोचतो तेव्हा तेथे चूल पेटलेली, पाणी आणलेले आणि वाघर, म्हणजे मेंढरे कोंडण्याचे जाळे, उभे केलेले असते. घर रोज मोडावयाचे आणि रोज बांधावयाचे, आणि दोन्ही कामे बायकांची. आमच्या मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीत शाळेचे वार्षिक वेळापत्रक इतके बिनचूक कधी चालले नाही, हे येथे विनोदाने नव्हे, खरेच सांगतो.

कोकणात भाताची कापणी झालेली असते. शेतकरी रात्री मेंढरे आपल्या शेतात बसवून घेतो. लेंडी आणि मूत यांचे खत त्याला मिळते, आणि वाड्याला भात किंवा रोख रक्कम. लोकरीला पूर्वीसारखी किंमत राहिली नाही, त्यामुळे हे रात्रीचे बसणे आणि कोकरांची विक्री यांवरच सारा भार.

आता आजाराकडे येतो. बंधूंना दोन वर्षांत चार डॉक्टरांनी पाहिले होते, आणि चारही निरनिराळ्या गावांचे. एकाने पित्त म्हटले, दुसऱ्याने कावीळ धरून औषध दिले, तिसऱ्याने सलाईन लावले, चौथ्याने 'वजन उचलू नका' असे सांगितले. यांत कोणा एकाचा दोष आम्ही धरीत नाही. प्रत्येकापुढे रोगी एकदाच आला आणि पुढच्या आठवड्यात तीस मैल पुढे गेला. कागदांविषयी विचारले, तर ते चुलीत गेले होते. ओल्या लाकडांस पेट देण्यास कागद फार उपयोगी पडतो.

स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळते, हे आपणांस ठाऊक असेल. मूल काय शिकले हे त्यावर लिहिलेले असते, आणि ते दाखवून पुढच्या गावच्या शाळेत बसता येते. बंधूंची नात तेव्हा दुसरीत होती, तिच्यापाशी ते होते. आमच्या मनात आले की पोरीच्या बेरीज-वजाबाकीचा कागद तिच्याबरोबर चालतो आणि आजोबाच्या दुखण्याचा चालत नाही, हे कसे? दोनशे पानी वही घेतली. माणशी चार पाने सोडली. कोणास काय झाले, कोणत्या गावी, कोणत्या तारखेस, डॉक्टरांनी काय दिले, हे रोज रात्री बॅटरीच्या उजेडात लिहू लागलो. प्रथम सारा वाडा हसला. "मास्तरांची हजेरी" असे तिला नाव पडले.

२०२३ च्या जानेवारीत बंधूंस असह्य दुखू लागले. महाडकडील एका तरुण डॉक्टरांपुढे आम्ही वही ठेवली. त्यांनी बंधूंची पाने वाचली, पुन्हा वाचली, आणि विचारले, "कुत्री किती आहेत?" आम्हांस प्रश्न विक्षिप्त वाटला. त्यांनी सोनोग्राफी करण्यास पाठविले. यकृतात पाण्याने भरलेली मोठी गाठ निघाली. या रोगास हायडॅटिड म्हणतात.

बांधवहो, हा भाग आम्ही मुद्दाम सावकाश सांगतो. कुत्र्याच्या आतड्यात तांदळाच्या कणीएवढा एक जंत असतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर व पाण्यात जातात. तेथून ती मेंढराच्या पोटात गेली की त्याच्या काळजात, फुप्फुसात पाण्याचे फोड धरतात. असे मेंढरू कापले की फोडाचे काळीज आपण खात नाही. ते आपण कुत्र्यापुढे टाकतो. कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत होतात, आणि चक्र पुरे होते. माणूस या चक्रात अकारण सापडतो. कुत्र्यास कुरवाळलेला हात न धुता भाकरीस लागला, किंवा तळ्याचे पाणी तसेच प्यालो, म्हणजे अंडी पोटात जातात, आणि गाठ वर्षानुवर्षे मुकाट वाढत राहते. मटण खाल्ल्याने हा रोग होत नाही, आणि एका माणसापासून दुसऱ्यासही होत नाही. गाठीत कोणी अडाण्याने सुई घालू नये. आतले पाणी पोटात सांडले तर जिवावर बेतते आणि नव्या गाठीही धरतात.

डॉक्टर सांगत होते आणि आम्हांस आमचे अंगण दिसत होते. फोडाचे काळीज कुत्र्यापुढे टाकण्याचे काम लहानपणी आम्हा दोघा भावांचे असे. कुत्रा कोणाच्या हातून उडी मारून झेलतो, याची आमची पैज लागे. आम्ही पुढे पुस्तकांत गेलो आणि बंधू त्याच कुत्र्यांच्या पिढ्यांबरोबर पन्नास वर्षे राहिले.

पुढच्या खटपटीचा विस्तार करीत नाही. एका रुग्णालयाने कागद अपुरे म्हणून परत पाठविले, तेथे दोन दिवस गेले. शेवटी पुण्यात शस्त्रक्रिया झाली. आधी आणि नंतर अल्बेंडाझोलच्या गोळ्या होत्या. त्याच धावपळीत आमचाही रक्तदाब तपासला गेला आणि तो इतका निघाला की डॉक्टरांनी रोगी कोणता, असे विचारले. तेव्हापासून आमच्याही नावाची चार पाने भरू लागली.

आम्ही पुण्यात असता वाडा चालतच होता, कारण मेंढरांना थांबता येत नाही. भावजयीने दीड महिना एकटीने कारभार पाहिला. कोणाच्या शेतात किती रात्री बसावयाचे हे तिने ठरविले, पैशांचा हिशेब तोंडी ठेवला आणि आम्ही परतल्यावर तो आमच्या पत्नीस सांगितला. एका रुपयाची चूक नव्हती. पुतण्या रजा काढून आला आणि म्हणाला, "हे सगळं विकून टाका. तात्या आता चालायचे नाहीत." बंधू अंथरुणावरून म्हणाले, "विकून मी कुठं बसू? तुझ्या खोलीत?" यावर कोणीच काही बोलले नाही. पुतण्याची चूक आहे असे आम्हांस वाटत नाही, आणि बंधूंची आहे असेही नाही. अखेर निम्मी मेंढरे विकली.

मेअखेर वाडा घाट चढून परत आला, कारण आपले मेंढरू कोकणचा पाऊस सोसत नाही. पण त्या साली देशावरही पावसाने दगा दिला. मृग कोरडा गेला, अधिक श्रावण आला आणि गेला, आणि १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट त्या वर्षी झाला. ऑक्टोबरअखेर सरकारने दुष्काळी म्हणून जाहीर केलेल्या चाळीस तालुक्यांत आमची बारामती होती. उरलेल्यांपैकी काही मेंढरे तेव्हा गेली.

घरी बसल्यावर आम्ही या रोगाविषयी वाचू लागलो, आणि एक गोष्ट अशी सापडली की ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. उत्तरेस आइसलंड नावाचे बेट आहे. तेथेही मेंढपाळ, मेंढरे आणि कुत्री. आणि एकोणिसाव्या शतकात हा रोग तेथे घरोघर होता. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे या डॅनिश वैद्याने तेथे जाऊन कुत्री आणि मेंढरे तपासली, आणि पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, एक लहानशी पुस्तिका छापून ती त्या बेटावर घरोघरी फुकट वाटण्यात आली. फोडाचे काळीज कुत्र्यास घालू नका, ते जाळा किंवा पुरा, एवढेच तिचे सार. लोकांस वाचता येत होते आणि तिकडील हिवाळ्याच्या रात्री लांब. त्यांनी ती वाचली. मागाहून कुत्र्यांविषयी कायदेही झाले. तो रोग त्या बेटावरून हटला. हमखास गुण देणारे औषध त्या काळी नव्हते.

आपल्या वाड्यांबरोबर विद्वान चालले नाहीत असे नाही. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडितांनी आपल्या बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवर १९७६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु आपल्या देवांइतकेच लक्ष कोणी आपल्या कुत्र्यांकडे दिले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस अलीकडे वाटते. आणि कोणी म्हणजे कोण? आम्ही स्वतः शिक्षक होतो.

आज कुत्र्यांच्या जंतावर प्रॅझिक्वाँटेल नावाची गोळी मिळते. ती वर्षातून निदान चार वेळा द्यावी असा जाणकारांचा सल्ला आहे. वजनावरून किती, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगतात. गोळीनंतर कुत्र्यास बांधून ठेवावे आणि त्याची विष्ठा पुरून टाकावी. चालकांस आमची विनंती एवढीच की, पुढल्या वर्षी स्मरणिकेत जाहिरातींची दोन पाने कमी झाली तरी चालतील, पण जेजुरीवरून जाणाऱ्या वाड्यांस एक छापील पान, एक वही आणि कुत्र्यांच्या गोळ्या देता याव्यात. खर्चाचा पहिला भाग आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देतो.

बंधू बरे आहेत. पूर्ण मजल त्यांना चालवत नाही. ते बायकांबरोबर पुढे तळावर जातात आणि त्यावरून त्यांची थट्टा होते. कुत्र्यांस गोळी ते स्वतः गुळाच्या खड्यात घालून देतात. वही आता नातीकडे आहे. तिचे अक्षर आमच्यापेक्षा वळणदार आहे.

डॉक्टरांनी वाड्यातील सर्वांस सोनोग्राफी करून घेण्यास सांगितले होते. बहुतेकांनी करून घेतली. भावजयीने नाही. "त्या दिशी मेंढरं कुनी बघायची?" हे तिचे उत्तर दरवेळी ठरलेले. नातीने वहीत आजीचे नाव लिहून ठेवले आहे. खाली चारही पाने कोरी आहेत. गेल्या आठवड्यात आमच्या पत्नीने तिच्याकडून कबूल करवून घेतले. येत्या मंगळवारी त्या दोघी बारामतीस जाणार आहेत, आणि त्या दिवशी मेंढरांमागे आम्ही.